पाठीतली सुई आणि सासऱ्याची भेट

अमरावती, ११ मार्च १९६१

तीर्थरूप बाबांना श्रावणचा जय भीम. तुमची कंबर कशी आहे? (डॉक्टरनं आडवं राहायले सांगितलं होतं, तुमी ऐकलं नसंनच.) आई बरी असंन. आमी ठीक आहो, फक्त तुमच्या सुनेचं, मैनाचं, अपेंडिक्स काढाचं ठरलं आहे. बुधवारी, माझ्याच दवाखान्यात. घाबरू नका. मी तिथं सुया उकळतो, कोणाले काय होते ते मले माहीत आहे.

या ऑपरेशनले पाठीत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात. मग दिवसभर उशीशिवाय सपाट पडून राहा लागते. तरी काही लोकांचं डोकं असं धरते की उठून बसलं की दुखते, आडवं झालं की थांबते. कोणाचं दुखंन हे डॉक्टरसाहेब आधीच सांगतात: वय कमी, अंगानं बारीक, बाईमाणूस, आन् सुई जाडी. मी बी वहीत याचे चार रकाने आखून अंदाज लिहून राहिलो. तिवशाच्या पार्बताबाई साठीच्या, भरल्या अंगाच्या; मी लिहिलं, दुखणार नाही. तर त्याच संध्याकाळी त्याईचे व्याही आले, बाई पदर घेऊन ताठ बसल्या, आन् चार दिवस डोकं धरून होत्या. उलट वरूडची इंदूबाई, वय बावीस, नुसती काडी. मी लिहिलं, नक्की दुखंन. काहीच झालं नाही. काहून? तिचा सासरा संत्र्याच्या तोडीत अडकला, भेटीले आलाच नाही.

त्या दिवशी मी वहीत पाचवा रकाना आखला: उठून बसा लागंन असं मानाचं माणूस भेटीले येते काय? तेव्हापासून अकरा अंदाजांतले दहा बरोबर. (अकराव्या बाईचा सासरा आला, पण तिनं डोळेच उघडले नाहीत. अशी सून मी पहिल्यांदाच पाहिली.) डॉक्टरसाहेब हसतात. हसू द्या. मैनाचे तीन रकाने जन्मानंच भरले आहेत. चौथ्यासाठी सगळ्यात बारीक सुई मी पारखून बाजूले ठेवली, साहेबांनी हो म्हटलं. राहिला पाचवा. तो मी भरू देणार नाही म्हणजे नाही. तिचं दुखणं मले पाहवत नाही, बाबा.

आईले जय भीम सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
श्रावण

ता.क. बुधवारी अकोल्याहून येऊ नका. गुरुवारी बी नाही. तुमाले पाहिलं की मैना ताडकन उठून बसंन.

आणखी ता.क. मैनानं पत्र वाचून घेतलं. म्हणते, मामाजी दिसल्याशिवाय ऑपरेशनच्या खोलीत पाय ठेवत नाही. आता तुमी याच. तिच्या दारासमोर व्हरांड्यात मी सतरंजी टाकून ठेवतो, तिची सुई झाली की तुमी बी आडवे व्हा. सासरा निजला असल्यावर सुनेले उठा लागत नाही. तुमच्या कंबरेले बी बरं. उशी मात्र घरूनच आणा. तुमाले बिनउशीचं पाहिलं तर मैना उशी शोधायले उठंन.