खोकला कोणालाच नाही

वारजे, पुणे
१२ फेब्रुवारी २००३

ती. चंपाताईस,

मुक्ताचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, असं दर पत्रात लिहिते तसंच याही पत्रात लिहिणार होते. उत्कर्षाचे बाबा अजून त्याच संगणक कंपनीच्या फाटकावर वॉचमन आहेत. उत्कर्षाचं कॉलेज चालू आहे.

शेजारच्या श्यामलाचं मात्र काय सांगू! पावसाळ्यात वस्तीत काम करणाऱ्या संस्थेची नीरजा पाहणीला आली होती. त्यांचा नियम असा, की ज्या घरात कुणाला श्वासाचा त्रास, त्या घराला आधी गॅस आणि पत्र्यात धूर जायला झडप. श्यामलानं सासूचा दमा, लेकीचा, नम्रताचा खोकला, सगळं भडाभडा सांगितलं. दिवाळीला गॅसची शेगडी आली. तेव्हापासून बाईसाहेब दार सताड उघडं टाकून स्वयंपाक करतात, आम्हाला दिसायला नको का? नम्रता पूर्वी नळावरून हंडा आणताना तीनदा टेकायची. आता गाणी म्हणत येते.

मला हेवा वाटतो, ताई. मागच्या आठवड्यात नम्रताला सर्दीनं खोकला आला, तर मला बरं वाटलं.

आमच्याकडे शेगडी का नाही, असं विचारशील. नीरजा आमच्या दारातही आली होती. मी म्हटलं, "खोकला कोणालाच नाही." गॅस मिळणाऱ्या घरांच्या याद्या मंदिराच्या भिंतीवर लागतात, नावापुढे आजारासकट, आणि मच्छिंद्रचे मामा रोज तिथंच पेपर वाचत बसतात. तू उत्कर्षासाठी मच्छिंद्रचं, तुझ्या पुतण्याचं, स्थळ आणलंस तेव्हा तुलाही मी हेच सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे म्हणून. उत्कर्षाला तीन वर्षांपासून दमा आहे.

परवा ती श्यामलाकडे अभ्यासाला बसली. दोन तासांत एकदाही खोकली नाही. मी भिंतीला कान लावून होते. दुसरीच्या घरात माझ्या पोरीचा श्वास मोकळा होतो, हे मला सोसेना. "ऊठ, आपल्याला घर नाही का?" म्हणत ओढून आणली आणि रॉकेलच्या स्टोपुढे भाकऱ्यांना बसवली. तिसऱ्या भाकरीला तिला श्वासच घेता येईना. रिक्षा श्यामलानंच बोलावली, दवाखान्यात मांडीवर डोकंही तिनंच घेतलं. मी नुसती उभी होते.

आता बरी आहे. डॉक्टर म्हणाले, धुरापासून लांब ठेवा. काल नीरजाकडे जाऊन खरं ते लिहून दिलं. नवी यादी पुढच्या सोमवारी लागेल. त्याआधी तू तुझ्या दिरांना सांग. खोटं मी बोलले, तुला काही ठाऊक नव्हतं, हेही सांग. लग्न मोडलं तर मोडू दे.

शेगडी येईपर्यंत उत्कर्षा श्यामलाकडे राहील. मीच नेऊन सोडली. श्यामलानं चहा दिला. चांगला होता, तरी मी अर्धाच प्याले.

तुला तोंडघशी पाडणारी, तुझीच
मुक्ता