फ्रीज आमचा नाही

१२ मे, सोमवार
मेसेज आला. अनुचा नंबर लागला! मोफतच्या पंचवीस टक्क्यांत, त्याच इंग्रजी शाळेत जिची बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. आठवीपर्यंत फी नाही. तीनदा वाचला. ह्यांना कंपनीत फोन केला तर म्हणाले, "ॲडमिशन होईपर्यंत कुणाला बोलू नको." मलाही तेच वाटतं, नजर लागते. शेजारच्या भाभीला सांगायचं अगदी ओठावर आलं होतं, गिळलं.

उत्पन्नाच्या दाखल्याचं तेवढं... जाऊ दे. दाखला खोटा नाही, जुना आहे. काढला तेव्हा ह्यांचं काम सुटलेलं, पाच महिने घरी बसून होते, माझ्या शिकवण्यांवर घर चाललं. दिवाळीनंतर ह्यांना पर्मनंट केलं, त्यात माझा काय दोष?

१४ मे, बुधवार
शाळेतनं फोन. कुणीतरी तक्रार केली म्हणे, की मोफतच्या जागा चांगल्या घरची लोकं लाटतात. म्हणून निवड झालेल्यांची अन् वेटिंगवाल्यांची, सगळ्यांची घरं बघणार आहेत. शुक्रवारी आमच्याकडं.

फोन ठेवला अन् घराकडं बघत बसले. फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा, मोठा टीव्ही. सगळं दिवाळीनंतरचं, हप्त्यावरचं. एकेक वस्तू आली तेव्हा काय मिरवलं होतं मी! सासूबाईंना गावाकडं, पिशोरला, फोन करून सांगितलं, "आता आपण मध्यमवर्गात आलो." त्या म्हणाल्या, "म्हंजी काय गं?" मला सांगता आलं नाही.

१५ मे, गुरुवार
हे म्हणाले, सामान टेम्पोनं पिशोरला पाठवू. म्हटलं, दारात टेम्पो लागला की अख्खी गल्ली विचारणार, कुठं चालले. मग मीच डोकं लावलं. भाभीकडं ठेवू.

रुक्साना भाभीचं घर आमच्या भिंतीला भिंत, भाड्याच्या दोन खोल्या. ती सिल्लोडची. सलीमभाई ग्रिलच्या वेल्डिंगला जातात, काम असलं तर. त्यांची झोया अन् आमची अनु एका वयाच्या. दिवसभर हिच्या घरी नाहीतर तिच्या.

"भाभी, घराला रंग द्यायचाय. चार दिवस सामान ठेवता का?"
"ठेवा की ताई, त्याच्यात पूछना काय!"

रंग कुठला अन् काय. सुचलं ते बोलले. सलीमभाईंनीच ह्यांच्याबरोबर फ्रीज उचलला. भाभीनं स्वतःचा माठ ओट्यावर काढून त्याला जागा केली, वर विचारते, "चालू करू का ताई? पोरींना बर्फ खायचाय." करा म्हटलं.

आमची पुढची खोली ओकीबोकी. चटई टाकली. अनु म्हणे, "आई, चोर आले होते का?" गप्प बस म्हटलं.

१६ मे, शुक्रवार
आजचं नीट लिहिते. नाहीतर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.

अकराला आले. एक सर, एक मॅडम. मी विटकी साडी नेसले होते, मुद्दाम. मॅडम चटईवर बसल्या, पाणी मागितलं.
"गार नाही का? फ्रीज?"
"नाही."
"मिस्टर काय करतात?"
"कंपनीत. हेल्पर." (ऑपरेटर आहेत.)
लिहून घेतलं. दहा मिनिटांत उठले. मला वाटलं, सुटले बाई.

दारात सरांनी कागद बघितला. "झोया सलीम शेख कुठं राहतात?"
"का हो?"
"वेटिंगला पहिला नंबर आहे त्या मुलीचा."

अगं बाई गं! भाभीनं पण मला सांगितलं नव्हतं. तिलाही नजरेची भीती.

दोघं तिच्याकडं गेले. मी उंबऱ्यावर. मधली भिंत पातळ, सगळं ऐकू येत होतं. मॅडम विचारत होत्या, हे सगळं तुमचं का. भाभी हसून म्हणाली, "नाय नाय मॅडम, ये सब बाजूच्या ताईचं हाय. त्यांच्या घराला रंग द्यायचाय ना." एक शब्द खोटा बोलली नाही.

दोघं परत माझ्या दारात. मागं भाभी, ओढणी सावरत. मॅडमनी माझ्या भिंती बघितल्या. रंगाचा डबा ना ब्रश.
"तो फ्रीज तुमचा आहे?"
मी म्हटलं, "नाही. आमचा नाही."

भाभी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. तिला कळायलाच वेळ लागला. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं अन् गेले.

१७ मे, शनिवार
ह्यांना सांगितलं. जेवताना ताट सारलं त्यांनी. "आपण काय शेठ आहोत का? फी भरायची म्हटली तर माझा अर्धा पगार जातो. गरिबाला मोफत जागा, श्रीमंताला पैसा. मधल्यानं काय करायचं?" बरोबर आहे त्यांचं. लई बरोबर आहे. तरी मला एवढा राग आला की भांडी आपटत घासली.

भाभीचं दार दिवसभर लावलेलं.

१८ मे, रविवार
सामान आणायला गेले. हे आले नाहीत, "तूच जा" म्हणे. भाभी दारातच उभी राहिली.

"भाभी, ते सामान..."
"कौन सा सामान?"
"फ्रीज वगैरे."
"तुमचा नाय ना तो. मॅडमसमोर बोलल्या तुमी. माझा बी नाय. मग हाय कुणाचा?"

आवाज चढवला नाही तिनं. आत झोया फ्रीजचं दार उघडून त्यात तोंड घालून उभी, उकाड्यात. भाभीनं तिला दंडाला धरून ओढली.

रडू यायला पाहिजे होतं मला, आला संताप. हप्ते आम्ही भरतो! घरी येऊन दहा वेळा म्हटलं, मनातल्या मनात. मोठ्यानं कुठं म्हणणार? गल्लीत? शाळेत?

२० मे, मंगळवार
पडताळणी झाली. अनुचा प्रवेश नक्की. शुक्रवारी बाराच्या आत सही करायची, "दिलेली माहिती खरी आहे" ह्या कागदावर.

झोयाचं नाव काढलं. कारण, कुटुंबाची आर्थिक स्थिती चांगली. सलीमभाईंनी तो मेसेज भर गल्लीत मोठ्यानं वाचून दाखवला. "सुना क्या! हम मिडल क्लास हो गए!" हसत होते. गाडीला किक मारत होते, ती लागेना, अन् हसतच होते. ओट्यावरचे दोघं-तिघं पण हसले. मी दोरीवर कपडे टाकत होते. बादलीत वाकले ती वर झालेच नाही, गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत.

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

२१ मे, बुधवार
सकाळी दोघांनी सामान आणून दिलं. मी म्हटलं नव्हतं. सोफा, मशीन, टीव्ही, सगळं जिथल्या तिथं. भाभीनं फ्रीज ओल्या फडक्यानं पुसून आणला होता, आतले कप्पे सुद्धा. सलीमभाई माझ्याशी बोलले नाहीत, अनुच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

भाभीचा हात धरला मी. "चुकलं माझं."
"मला बोलून काय होतंय ताई? मला तर पैलेपासून माहीत हाय फ्रीज कुणाचा. ज्यांना माहीत नाय, त्यांना बोला."

हात सोडवून गेली.

पोरींचं खेळणं बंद झालंय. भाभीनं नाही केलं, मीच अनुला आत बोलावते. तिच्या तोंडून कुठं काही निघेल म्हणून. साडेपाच वर्षांच्या पोरीला भितेय मी.

२२ मे, गुरुवार
अर्ज लिहायला बसले. "महोदय, दि. १६ रोजी मी दिलेली माहिती..." पुढं काय? "अपुरी" लिहिलं, खोडलं. "चुकीची" लिहिलं, तेही खोडलं. डी.एड. झालेली बाई मी, पोरांना अर्जलेखन शिकवते. चौथ्या कागदावर "खोटी" लिहिलं तेव्हा अक्षर बिघडलं. तोच ठेवला.

हे मागून वाचत होते, मला कळलं नाही.
"म्हणजे अनुची जागा घालवणार तू."
"झोयाचं काय मग?"
"तिचं तिचे आईबाप बघतील."
"बघितलं की त्यांनी. आपलं सामान बघितलं."

दिवा घालवल्यावर म्हणाले, "सही करायला माझ्याच्यानं जाववणार नाय. तू जा. काय करायचं ते कर." म्हणजे ओझं माझ्यावर. वा रे वा!

पण अनु त्या बसमध्ये बसलेली मला दिसते. खिडकीत. रोज दिसते. मी काय करू?

२३ मे, शुक्रवार
शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर आहे. साडेअकरा. आत एक बाई गेलीय, नंतर मी. घाम. सही करायचा शाळेचा फॉर्म हातात, अर्ज पर्समध्ये.

निघताना कुलूप लावत होते तर भाभी नळावर. आठ दिवसांनी पाणी आलं होतं, मला पत्ताच नाही. मान खाली घालून निघणार, तर तीच बोलली. माझ्याकडं न बघता, हंडा भरता भरता.

"बाहेर चालल्या का ताई? पाणी तासभरच हाय. तुमची टाकी कोण भरणार?"
मी कुलूप ओढून बघितलं.
"चावी ठेवा. मी भरते."

दिली चावी. थँक्यू पण म्हणता आलं नाही. ती आत्ता माझ्या घरात असेल, पाइप लावून.

आतली बाई बाहेर आली, हसत. शिपाई अनुचं नाव घेतोय, पूर्ण नाव, ह्यांच्या नावासकट.

दुसऱ्यांदा घेतलं. उठते.