अकराव्या मिनिटाच्या पुढे

प्रिय प्रिस्किला,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू हसतेस आणि ड्युटीचं सांगत बसतेस. बाबा गेले तेव्हा तुला रजा मिळाली नाही, त्यावर तर चार महिन्यांत आपण एक शब्द बोललो नाही. म्हणून कागद घेतला. अंगणवाडीची रजिस्टरं भरून अक्षर तेवढं बरं राहिलंय.

तुझी डबी छान चालू आहे. टीव्हीमागच्या त्या तळहाताएवढ्या वस्तूत बाबांच्या गायनमंडळाची, गावातल्या लग्नांची सगळी रेकॉर्डिंगं, आणि ती इथून, विसरवाडीच्या घरातून निघून तुझ्या डब्लिनच्या खोलीत दिसतात, यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. डबी जोडायच्या दिवशी तू फोनवर एकेक अक्षर सांगत होतीस, मी काळ्या पडद्यावर टाइप करत होते. लिनक्स म्हणजे काय विचारलं तर म्हणालीस, आई, तू फक्त एंटर दाब. व्हीपीएन म्हणजे आपल्या दोन घरांमधला बोगदा, मधल्या कुणाला आत डोकावता येत नाही, एवढं मात्र कळलं. दोन तास लागले. मग डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि दिसलं, दिसलं म्हणून तू तिकडून ओरडलीस. मी खुर्चीत बसूनच राहिले. एवढे समुद्र ओलांडून माझी लेक घरात आली होती आणि दार वाजलंही नव्हतं.

पहिले आठ दिवस मात्र मीच घोळ घातला. वीज पडून टीव्ही जळाला तेव्हापासून घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा, हा बाबांचा नियम माझ्या हातात बसलेला. मी चर्चला निघाले की तुझा बोगदा बंद! तू बिचारी तिकडे सेटिंग तपासत बसायचीस. आता स्विचवर चिकटपट्टी लावलीये. आपली शेजारीण फुलवंताबाई, माहेर कोरीट गावचं, परवा आली होती. तू तिकडे बघायला लागलीस की हा दिवा लुकलुकतो, असं तिला सांगितलं तर हळूच म्हणाली, "इतला लांबथून पोर देखी ऱ्हायनी?" मग पदर सारखा करून बसली. मला हसू आलं, पण खरं सांगते, दुपारी अडीचच्या सुमारास, तुझी रात्रपाळी सुटून दिवा लुकलुकू लागला की मीही केस नीट करते.

टीव्हीवर 'नुकतेच पाहिलेले' अशी एक यादी येते, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. त्यात रोज सगळ्यात वर एकच नाव असतं, बाबांचा दफनविधी. रोज तू अकराव्या मिनिटाला थांबतेस, तेही नावाखाली लिहून येतं. मी लावून पाहिलं. पेटीवर झाकण ठेवतात, तिथे. पोरी, पुढे बघ. चौदाव्या मिनिटाला सगळे माती देतात. मी एक मूठ टाकते, मागे सरते आणि परत पुढे येते. पास्टर थांबतात. मी खाली वाकून दुसरी मूठ उचलते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "ही माझ्या प्रिस्किलाची." तेवढं बघ, म्हणून हे पत्र.

तुझीच,
आई