मेंढा, नोटीस आणि झरा

५ जानेवारी

मेंढा घुसखोर असतो का?

पाच वर्षं कायदा शिकले, घरातली पहिली पदवीधर — आणि मला उत्तर येत नाही! वनकंपनीने आमच्या झऱ्याभोवती तार ओढली. काकांच्या मेंढ्याने तिच्यावरून उडी मारली, पाणी प्यायला, परत आला. आज काकांच्या नावे नोटीस!

काका म्हणाले, "ज्याची त्याला वाचून दाखव."

मी खरंच गोठ्यात जाऊन वाचली. त्याने कोपरा खाल्ला.

६ जानेवारी

झऱ्याला तार पडल्यापासून पाणी टँकरने येतं. आज तो आलाच नाही. काकू रिकाम्या बादल्यांवर डाफरते आहे.

९ जानेवारी

कंपनीचे रिफोसाहेब बोलणी करायला आले. पणजोबांच्या हक्कपत्रापासून सगळं भाषण मी पाठ केलं होतं. पण काका गावाचे लोंको, म्हणजे मुखिया. आणि आम्हा मापुचे आदिवासींत आधी विचारपूस, मग काम. आई कशी आहे? तिचे गुडघे? भाऊ? भावांची पोरं? गुरं?

"गुरं नाहीत. एक मांजर आहे."

काका गंभीर. "खाते ना नीट?"

मग साहेबांनीही उलट सगळं विचारायचं! मी खुणावलं, तसे बिचारे विचारू लागले — आणि काकांच्या चुलत भावंडांना अंत नाही. काकू 'माते'चा, आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला पुन्हा पुन्हा भरत होती. "शेवटचं पाणी आहे, साहेब. चवीनं प्या!"

पुन्हा आईचा विषय निघाला आणि साहेब चक्क रडले. माझं भाषण पोटातच राहिलं.

निघताना नाक पुसत म्हणाले, "दर शनिवारी फाटक उघडतो. फक्त एक सही द्या — झरा कंपनीचा, पाणी मेहरबानीचं."

१० जानेवारी

काकू : "कर की सही! पाणी येतंय ना?"

काका : "माणूस भला आहे. पण झरा त्याचा नाही."

"मग करू काय?"

"वकील तू का मी?"

अजून नाही! वकिलीची शपथ पुढच्या महिन्यात, राजधानीत. नावावर एक गुन्हा लागला की संपलं. सही केली तर सगळं सोपं — पण मग कोर्टात आमचा झरा कुठल्या तोंडाने मागू?

१२ जानेवारी

सकाळी तार मी कापली. मग पोलीस चौकीवर जाऊन तार कापणारी म्हणून स्वतःचं नाव सांगून आले.

काकू पाणी भरते आहे.