अकरावा पडदा

सानगडी, ता. साकोली
२९ ऑक्टोबर २०२३

प्रिय धर्मेंद्र,

जयभीम. तुझा टेम्पो परवा दुपारी आला. नाटकाचे अकराही पडदे सुखरूप पोचले, एकालाही उंदराचा दात लागलेला नव्हता. प्रत्येक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सही करायची, खाली तारीख घालायची आणि पाच तारखेच्या आत परत पाठवायचे. सही नसेल तर तुमच्या कंपनीच्या लेखी पडद्याची किंमत निम्मीसुद्धा राहत नाही, हा तुझा निरोपही मिळाला. त्या सह्यांचं काय झालं ते सांगतो. पण माझ्या पद्धतीनं सांगीन, मधातच फोन करून तोडू नको. पत्रात शुद्ध लिहायचं वळण तुझ्या आईनं लावलेलं. राग आला की माझी भाषा घसरते, तेवढं चालवून घे.

मागच्या वर्षी ओसरीवर बसून तू मला लॅपटॉपमधल्या रेघा दाखवल्या होत्या. पिवळी सोन्याची, लाल शेअरबाजाराची आणि निळी चित्रांची. लिलावात विकलेल्या हजारो चित्रांचे भाव गोळा करायचे, एकच चित्र दुसऱ्यांदा विकलं गेलं की दोन भावांतला फरक काढायचा, त्यातून निर्देशांक निघतो, आणि मग कोणत्या चित्रकारात पैसा घालावा ते सांगता येतं, असं तू समजावत होतास. मला अर्धंच कळलं, तरी मान डोलावत बसलो. खरं सांगू का, छाती फुगली होती माझी. चाळीस वर्षं मी पडदे रंगवायला सरसाचा डिंक आणि खडूच्या बादल्या ढवळल्या, अन् माझा पोरगा मुंबईत चित्रांचा हिशोब मांडून राहिला, वा रे वा! मी एवढंच विचारलं की आमचे नाटकाचे पडदे कधी लिलावात गेलेच नाहीत, त्यांचा भाव तुमच्या रेघेत कसा यायचा. तू हसलास. म्हणालास, बाबा, म्हणूनच तर. अजून कोणाची नजर गेली नाही त्यांच्यावर.

मग तू सानगडीच्या, एकोडीच्या, अड्याळच्या नाटक मंडळांकडे गेलास. पडदे मोजले, फोटो काढले, आणि बदल्यात प्रत्येक मंडळाला छापील फ्लेक्सचे नवे कोरे पडदे दिलेस. वर रक्कम द्यायला लागलास तर एकोडीच्या देवाजीनं हात जोडले. आपल्या बाबुलालचा पोरगा हाये, त्याच्याकडून कायले पैसे घ्याचे, म्हणाला. मागच्या दिवाळीनंतरच्या मंडईत, रात्रभर नाटकं चालतात त्या जत्रेत, ते फ्लेक्स पहिल्यांदा लागले. राजा दरबारात उभा आणि त्याच्या मागं खांबावर दोन बल्ब चमकत होते, चकचकीत फ्लेक्सवर पडलेलं हॅलोजनचं प्रतिबिंब. लोक हसले. देवाजीनं माझ्याजवळ त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला दुसऱ्यांकडून कळलं, आणि मी त्याला तोंड दाखवायला आठ दिवस गेलो नाही.

सहीचं म्हणशील तर आमच्या धंद्यात पडद्यावर सही नसते. वर मंडळाचं नाव, गावाचं नाव, बस. पेंटरची सही म्हणजे पहिल्या खेळाला, घंटेच्या आधी, माइकवर त्याचं नाव एकदा घेतात आणि लोक टाळ्या वाजवतात, तेवढीच. लहानपणी तू आईच्या मांडीवर बसून सगळ्यांत जोरात वाजवायचास. आणि पडदा काही जन्मभराचा नसतो. दसऱ्यानंतर मंडळं पडदे माझ्या ओसरीवर आणून टाकतात, तीन-चार वर्षांनी एकदा ते गावतळ्यावर, बोडीवर नेऊन धुतात. सरसाचा रंग तो, पाण्यात घालून दोनदा आपटला की दरबार जातो, तुरुंग जातो, मादरपाट पांढरा होतो आणि मी त्यावर नवीन काढतो. हे तुला मी सांगायला पाहिजे का? तू त्याच बोडीत पोहायला शिकलास. पण तुझ्या त्या लॅपटॉपमध्ये हे लिहायला रकाना नसेल.

जून महिन्यात माझ्या छातीत कळ आली तेव्हा तू विमानानं आलास. तीन दिवस नागपूरच्या दवाखान्यात माझ्या उशाशी होतास. डॉक्टरला किती खोदून खोदून विचारलंस तू! किती टक्के बंद आहे, पुन्हा झटका यायचा संभव किती, हात थरथरेल का, ब्रश किती दिवस धरता येईल. सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलंस, रिपोर्टचे फोटो काढलेस. बाजूच्या खाटेवरचे भैयाजी म्हणाले, नशीबवान आहात, असा पोरगा आजकाल कुठं मिळते. मी तोंड भिंतीकडे केलं, कारण डोळे भरले होते. तो क्षण मी चार महिने जपून ठेवला होता रे.

आता परवाचं. तुझ्याच सांगण्यावरून मी तपासणीला भंडाऱ्याला गेलो होतो. टेम्पोवाल्यानं पडदे ओसरीवर उतरवले, तुझ्या कागदांची पिशवी खुंटीला अडकवली आणि निघून गेला. दरवर्षी पडदे धुणाऱ्या गुणाबाई आणि पार्वताबाई तिकडून जात होत्या. दसरा होऊन तीन दिवस झालेले, ओसरीवर पडद्यांचा ढीग, वर एकोडी, अड्याळ अशी नावं. त्यांनी दुसरं काय समजायचं? मी संध्याकाळी साडेपाचला बसमधून उतरलो तर बोडीच्या पाळीवर दहा पडदे वाळत घातलेले, पांढरेशुभ्र. गुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, यंदा लवकर झालं बा काम, तुमी दुखण्यातून उठले, मनलं तुमाले तरास कायले. अकरावा, जंगलाचा पडदा तेवढा त्यांनी ओसरीवरच ठेवला होता, कारण तो कधीच धुवायचा नसतो हे त्यांना ठाऊक आहे.

त्या बायांना काय बोलणार? चहा पाजून त्यांना पाठवलं आणि तुला पत्र लिहायला घेतलं. चार पानं लिहिली. चूक माझी, मी घरी थांबायला पाहिजे होतं, तुझ्या नोकरीवर गदा आली तर मी मुंबईला येऊन तुझ्या साहेबाच्या पाया पडतो, घरामागची जागा विकून भरून देतो, असं सगळं. नाक घासायचंच बाकी ठेवलं होतं.

काल सकाळी तृप्ती आली, शेजारच्या दादाजीची सून, शाळेत शिकवते ती. पत्राबरोबर पाठवायला काही कागद लागतात का म्हणून मी तिला तुझी पिशवी दिली. सहीच्या फॉर्मबरोबर तुमच्या कंपनीची एक फाइल पण होती, गिऱ्हाइकांसाठी केलेली, चुकून आत आली असावी. तिनं इंग्रजीतून वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. तीन पानं बरं चाललं होतं. चौथ्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, मामाजी, पुढं काही खास नाही. मी म्हटलं, वाच.

चित्रकार: बाबुलाल. वय: त्र्याहत्तर. स्थिती: हयात. खाली एक आलेख. मेलेल्या नऊ चित्रकारांच्या किमती, मरणाच्या दोन वर्षं आधी किती आणि दोन वर्षांनंतर किती. सरासरी अडीच पट. त्याखाली तुझ्या नावानं शेरा: जूनमध्ये हृदयावर उपचार, दोन नळ्या बंद, पुन्हा झटका येण्याची शक्यता पस्तीस टक्के, नवीन कामाचा पुरवठा लवकरच थांबेल. तोपर्यंत विकू नये, थांबावं. धर्मेंद्र, पस्तीस हा आकडा त्या डॉक्टरनं माझ्यासमोर तुलाच सांगितला होता. मी तवा तुह्या हाताले धरून होतो! अन् तू काय लिहून घेत होता रे मोबाइलमंदी? बापाच्या मरणाचा भाव? काहून असा झाला तू? तुले पैसे पाहिजे होते तर मांगाचे होते. माह्या मरणाची वाट पाहाले सांगतं लोकायले?

तृप्ती रडायला लागली, तिलाच पाणी दिलं. मग म्हटलं, पुढचं पान. तिथं जंगलाचा पडदा होता, एकोडीचा, अकराही पडद्यांमध्ये सगळ्यांत वरचा नंबर. का, तर सर्वांत जुना, अठ्ठ्याऐंशी सालचा, आणि त्यावर चित्रकाराची खूण आहे: डाव्या बाजूला खाली, पाच पानांची छोटी फांदी, बाकीच्या चित्रापेक्षा वेगळ्या पद्धतीची, सहीऐवजी धरता येण्यासारखी. त्या खुणेला तू दहापैकी आठ गुण दिलेस. ते ऐकून मला हसूच आलं.

परवाचं पत्र मी चुलीत टाकलं. माफी आता मागणार नाही, हे कळवायलाच हे दुसरं लिहिलं. ते दहा पडदे बायांनी चुकून धुतले, अकरावा मी धुतला, जाणूनबुजून, माझ्या हातानं, बोडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून. छाती दुखली, पण तुम्ही वाट बघताय ती घटना काही घडली नाही, तसं साहेबांना कळव. सगळे पुन्हा रंगवून मंडईच्या आधी ज्याचे त्याला पोचवीन. माझा हात अजून चालतो. धुण्याआधी अकराव्यातून वीतभर तुकडा कापून घेतला, तो या पाकिटात आहे. ती फांदी नाही, धर्मेंद्र. चार वर्षांचा असताना तू ओल्या पडद्यावर हिरवा पंजा उमटवला होतास. मी पुसायला फडकं उचललं तर तुझी आई आडवी आली, म्हणून मी बोटांची पानं केली. तिच्यामुळेच तो पडदा पस्तीस वर्षं कोणी धुतला नाही. तुला कोपऱ्यात सही पाहिजे होती ना? ही आहे, आणि ती तुझी आहे. तिच्यावर एकदा हात ठेवून बघ.

तुझाच,
बाबा
(हयात)