मनुक्यांचा रस

शिरपूर,
रविवार, १२ ऑक्टोबर

चि. सुयश,
आजीचा प्रभूच्या नावाने सलाम.

ईस्टरला येतो म्हणाला होतास. कोणत्या सालच्या, ते विचारायचं राहिलं. जळगावची गाडी चोपड्यावरून अजून येते हो, बंद नाही झाली. फोनवर तू "हो आजी, हो आजी" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा कागद. मी बोलतेय, लिहितंय दुसरंच कोणी. अक्षर ओळख पाहू.

इकडे बठ्ठं बरं शे, सगळं ठीक. चर्चच्या देवळाला रंग लागला. पाळकसाहेबांना नात झाली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. खरी उपासना म्हणजे नक्की काय? तुम्हा भावांचं फाटलं ते यावरूनच. प्रेमराज म्हणे पेटी आणि जुनी गीतं, तू म्हणे ड्रम आणि टाळ्या. तू उठून जळगावच्या हॉलातल्या मंडळीत गेलास, आणि बोलणंच बंद. मला वाचता येत नाही, पण कान आहेत. म्हणूनच तर तुझ्या वहिनीला "डोळे दाखवून येते" सांगून पावसाळ्यात तुझ्या हॉलात येऊन बसले होते. ड्रम वाजला की माझी कवळी हलायची. पण शेजारच्या अनोळखी बाईने प्रार्थनेत माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. आवडलं मला.

पेन का थांबला रे प्रेमराज? लिही. हो, डोळे नव्हते दाखवले.

तर सुयश, ओळखलंस आता.

आज प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी वाचलं, वेदीपाशी आल्यावर भावाशी बिनसलेलं आठवलं तर भेट तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पण आज भाकरीचं ताट आमच्या बाकापाशी आलं, आणि अख्ख्या देवळात मोठ्याने गाणाऱ्या तुझ्या भावाने ते न घेताच माझ्याकडे सरकवलं. प्यालाही तसाच.

मी विचारलं, "पोट बिघडलं का?"

"आजी, गप बैस."

घरी आल्यावर म्हटलं, "मग जातोस का जळगावला?"

"तो बोलेल का माझ्याशी?"

मला काय माहीत? म्हणून पेन त्याच्याच हाती दिला. एवढं लिहिताना दोनदा पाणी प्यायला उठला.

उपासना काय ते आज बाकावर थोडंसं दिसलं, असं वाटतं. पण पक्कं सांगता येत नाही. म्हणून तुला विचारते. तुझ्या हॉलात ते ताट तुझ्यापाशी येतं, तेव्हा तू काय करतोस?

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या प्याल्यातला रस आपल्या घरून आहे. तुझी आई करायची तसाच, मनुके भिजवून, उकळून. इथल्या मनुक्यांत खडेच जास्त. अर्धा किलो काळे मनुके पाठव, देठ काढून.

ताट घेऊन बाकावर थांबलेली,
तुझी आजी प्रमिलाबाई

ता.क. हे आजीने सांगितलेलं नाही. मनुके पाठवू नकोस, घेऊन ये. देठ आपण इथे काढू.
– भाऊ