खुलाशातलं दुसरं वाक्य

बापू, तुम्ही आता नाही, आणि होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते आहे. लातूरला नर्सिंग करून ऑस्ट्रेलियात आले, त्याला चार वर्षं झाली. आता इथल्या हॉस्पिटलनं मला कायम ठेवून घ्यायचं म्हणून सरकारकडे अर्ज केला आहे. त्यासाठी जन्माचा दाखला लागला. धाकट्या भावानं तो आपल्या गावच्या ग्रामपंचायतीतून काढून पाठवला आणि माझी झोप उडाली. पासपोर्टवर एक जून, दाखल्यावर त्याच्या पुढच्या वर्षीचा ऑगस्ट. कागदांत खोटं सापडलं तर अर्ज फेटाळतील, मागोमाग नोकरीही जाईल. इथं एखादं औषध पाच मिनिटं उशिरा दिलं, तर मी तसंच लिहून ठेवते हो.

मायला फोन केला. ती म्हणाली, "खोटं कशाचं? मास्तरानं लिवलंय, सरकारानं मानलंय. तूच लई शहानी झालीस!"

शाळेत नाव घातलं तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. व्हरांड्यात गुरुजी मला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगतात. बोटं पोचत नाहीत. तुम्ही मागून हळूच कोपर रेटता. गुरुजी हसतात, "बापू, लेकराचा हात उपटता का?" "सहा पुरे हायेत गुरुजी, लिवा तुमी." गुरुजी एक जून लिहितात. तारीख न सांगणाऱ्या सगळ्यांची ते तीच लिहायचे. परत येताना तुम्ही म्हणालात, "आनखी एक साल घरी ऱ्हायली असतीस तर हातात खुरपं आलं असतं. मग कोन सोडतंय साळंत?"

अर्जाचं काम बघणाऱ्या इथल्या वकीलबाईंनी दोन तारखांचा थोडक्यात खुलासा मागितला. मी लिहिलं, 'माझे वडील निरक्षर होते. त्यांना माझी जन्मतारीख माहीत नव्हती.' पहिलं वाक्य खरं आहे. पण मी जन्मले त्या पोळ्याच्या दिवशी बैल सजवायचे सोडून सुईणीला आणायला कसे धावलात, हे तुम्ही दर पोळ्याला सांगायचात. तुम्हाला माझं वय पक्कं ठाऊक होतं. तुम्ही जाणूनबुजून केलंत, माझ्यासाठी केलंत, आणि मी तुम्हाला अडाणी ठरवून मोकळी झाले.

सही करण्याआधी वकीलबाईंनी विचारलं, काही बदलायचं आहे का? मी नाही म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही. मेल वाजला की हातातलं काम टाकून आधी फोन बघते. हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवायला भावाकडे पाठवणार होते, पण तो मायला वाचून दाखवेल. तिला मी सांगितलंय, सगळं खरं लिहिलं म्हणून.